रजिस्टर गेलं, एक्सेल आलं: सुरुवात कुठून करायची?

दादा, तुर्भ्याच्या गोदामात नवं सॉफ्टवेअर आलं म्हणून एकदम तीन कोर्स लावू नका. आधी फक्त एक्सेल, रोज अर्धा तास, तेही स्वतःच्याच स्टॉकच्या फाइलची कॉपी काढून. मूळ फाइलला हात नको.

- आधी सॉर्ट-फिल्टर (यादी क्रमाने लावणं, हवं तेवढंच गाळून बघणं), मग पिव्होट टेबल (लांब यादीची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता).
- नंतर व्हीलुकअप (कोड दिला की यादीतून त्याच्यासमोरचा आकडा आणून देणारा फॉर्म्युला). इथेच सगळे आपटतात: फॉर्म्युल्याच्या शेवटी ‘फॉल्स’ (म्हणजे तंतोतंत तोच कोड शोध) लिहायचं राहिलं की यादी क्रमाने नसताना भलताच आकडा उचलला जातो, आणि बऱ्याचदा एररही येत नाही! कोड समोर दिसतोय तरी सापडत नाही? मागे स्पेस राहिली असेल (ती काढायला ट्रिम हा फॉर्म्युला वापरा), नाहीतर आकडा टेक्स्ट म्हणून बसलाय.

ठाण्याहून येताना लोकलमध्ये व्हिडिओ बघा खुशाल, पण संध्याकाळी तेच हाताने करा. मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करून घेणं), पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) सध्या राहू द्या.