बंदिशीतला ‘ऽ’ आणि ‘सोऽहम्’मधला ‘ऽ’

प्रश्न असा आहे : बंदिशींच्या पुस्तकात गाण्याच्या अक्षरांमध्ये जागोजागी ‘ऽ’ दिसतो, त्याला अवग्रह म्हणतात. पण संस्कृतात अवग्रह म्हणजे लोप पावलेल्या ‘अ’ची खूण. मग बंदिशीत कुठला ‘अ’ गेला? आणि स्वराच्या डोक्यावरचा बारीक स्वर, कंसातला स्वर, हे कसे वाचायचे?

बंदिशीत काहीच गेलेलं नाही. चिन्ह तेच, काम नेमकं उलटं. ‘सः अहम्’चं ‘सोऽहम्’ होताना ‘अ’ नाहीसा होतो, त्याच्या जागी ऽ. त्याहून जुना अर्थ वेगळं करून धरण्याचा : ऋग्वेदाच्या पदपाठात, म्हणजे प्रत्येक पद सुटं करून म्हटलेल्या पाठात, ‘पुरःऽहितम्’ अशी पदाची फोड ऽने दाखवतात. संगीतातला ऽ मात्र ‘अगं आईऽऽ’ या हाकेतला, अक्षर लांबवणारा. नाव अवग्रहच राहू द्या, अर्थ हाकेतला घ्या.

स्वर लिहून ठेवण्याच्या भातखंडे पद्धतीत स्वर लांबला की स्वरांच्या ओळीत आडवी रेघ (–) येते आणि अक्षर लांबलं की खालच्या ओळीत ऽ. या दोन खुणा एक समजू नका. ‘श्याम’ चार मात्रांत असा लिहिलेला बघा :

ग म ग रे
श्या ऽ ऽ म

इथे रेघ एकही नाही, कारण स्वर दर मात्रेला बदलतोय. अक्षर मात्र ‘श्या’च, म्हणजे ‘आ’ लांबवत ग-म-ग हे स्वर घ्यायचे आणि ‘म’ हे अक्षर रेवर टाकायचं. वर ‘ग – – रे’ असतं तर तोच ‘श्या’ तीन मात्रा गंधारावर स्थिर राहिला असता. मला ही जोडी फार आवडते : गळा काय करतो ते एका ओळीत, तोंड काय करतं ते दुसऱ्या.

डोक्यावर डावीकडे बारीक लिहिलेला तो कणस्वर. शब्द अगदी चपखल आहे, तांदळाच्या कणीएवढाच स्वर. ‘प’वर बारीक ‘ध’ असेल तर धैवताला निसटता स्पर्श करून पंचमावर यायचं. कणाला स्वतःची मात्रा नाही. झेरॉक्समध्ये हे बारीक अक्षर हमखास पुसट होतं. माझ्या जुन्या वहीत अशाच प्रतीवरून उतरवलेली एक बंदिश कित्येक महिने कणांशिवाय होती. स्वर सगळे बरोबर, पण रागाचा चेहराच दिसेना.

कंसाचं मात्र जपा. मराठी वाचताना कंसातला मजकूर वगळला तरी अडत नाही, त्या सवयीने (प) सोडून देऊ नका. (प) म्हणजे ‘धपमप’ : वरचा स्वर, तो स्वतः, खालचा, पुन्हा तो, हे चारही त्याच्याच वेळात झटकन. याला खटका म्हणतात. आजूबाजूचे स्वर रागात लागतात तेच घ्यायचे.

पुस्तक हातात घेतल्यावर आधी पद्धत कोणती ते बघा. भातखंडे पद्धतीत स्वराखालचा टिंब मंद्र (खालचं सप्तक) आणि वरचा तार (वरचं सप्तक). पलुसकर या दुसऱ्या पद्धतीत मंद्राचाच टिंब वर असतो आणि तारसप्तकाला वर उभी रेघ.