अग्निशमन दलासाठी नॅव्हिगेशन ॲप बनवतोय. बंबाला सर्वांत जवळचा रस्ता दाखवायला कोणता अल्गोरिदम वापरू?

कुठलाही घ्या. डायक्स्ट्रा घ्या, ए-स्टार घ्या, नाहीतर ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, चालणारं रस्ता काढून देणारं एखादं तयार राउटिंग इंजिन उचला. ते कोडं केव्हाच सुटलंय. बंबावर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, रस्ता चुकल्यामुळे गाडी क्वचित अडकते. अडकते ती शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये, आणि तिथलं नकाशाला काही ठाऊक नसतं.

एका रात्री वर्दी आली. निवासी संकुल, मीटर रूममध्ये आग, जिन्यात धूर. डॅशबोर्डवर नवाकोरा टॅब, त्यावर निळी रेघ. मी चालकाच्या शेजारी. रेघेने आम्हाला मागच्या गेटाने आत घातलं आणि वळण संपताच समोर आडवा लोखंडी बार. अवजड गाड्या शिरू नयेत म्हणून तिथल्या लोकांनी बसवलेला. मोटारी खालून आरामात जातात. आमची गाडी टपावरच्या शिडीसकट 3 मीटरच्या वर. दोन्ही बाजूंना पार्किंग, त्यामुळे वळवायला जागा नाही. एक फायरमन खाली उतरला, दुसऱ्याने आरसे आत दुमडले, आणि बॉडीवर थापा मारत, ‘येऊ द्या, येऊ द्या, बस!’ करत पाण्याने भरलेली गाडी इंचाइंचाने मागे घेतली. पुढच्या गेटाने पोहोचलो तोवर धूर वरच्या मजल्यांपर्यंत चढला होता. माणसं सगळी सुखरूप निघाली, हे नशीब.

आता खरी गोम. तो बार आम्ही थोड्याच दिवसांपूर्वी हायड्रंट, म्हणजे आगीसाठी पाणी घ्यायचा नळ, तपासायला गेलो तेव्हा पाहिला होता. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात नोंद आहे: मागील गेटास उंचीचा बार, बंब जाणार नाही. पण टॅबवरच्या नकाशात बदल करायला साहेबांची मंजुरी लागायची. गाडीवरच्या पोरांनी डेटाला हात लावला की घाण होते, हे त्यांचं लाडकं मत. नोंद मंजुरीसाठी पडून होती. आणि उशिराबद्दल लेखी खुलासा कोणाला मागितला? चालकाला. ‘उपलब्ध तंत्रज्ञानाचा वापर का केला नाही?’ अहो, तंत्रज्ञानाचा वापर केला म्हणूनच तर त्या गेटात शिरलो!

तेव्हा तुमच्या ॲपचा जीव अल्गोरिदममध्ये नाही, नोंदीत आहे. पत्ता टाकला की पिन बऱ्याचदा प्लॉटच्या मध्यावर पडते, आणि इंजिन तिच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावर गाडी नेऊन सोडतं. तो रस्ता मागच्या भिंतीलगतचा असला तरी ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणून मोकळं. पत्ता आणि प्रवेशद्वार वेगळे ठेवा. रस्ता काढताना गाडीची उंची, वजन आणि वळायला लागणारी जागा धरा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कमाल उंची, कमाल वजन, हायड्रंटची जागा हे सगळं नोंदवायची सोय आहे. सोय आहे म्हणजे कोणी नोंदवलंय असं नाही. शिडीच्या गाडीला तर जॅक, म्हणजे गाडी स्थिर ठेवणारे बाजूचे पाय, टेकवायला रुंदी लागते आणि खाली भक्कम जमीन लागते. बेसमेंटच्या स्लॅबवर किंवा टाकीच्या झाकणावर जॅक टेकवून चालत नाही, आणि वरून काढलेल्या फोटोत ते कळत नाही.

साहेबांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, एवढं मान्य करतो. कोणीतरी उघडं गेट बंद म्हणून टाकेल. टाकेलच. पण चुकीच्या नोंदीवर नाव, तारीख आणि फोटो असला तर ती पकडता येते. न झालेली नोंद कोण पकडणार? हायड्रंटच्या खुणेशेजारी तो शेवटचा कधी उघडून पाहिला ती तारीख दाखवा. जुनी तारीख दिसली की आम्ही समजून घेतो आणि पाण्याचा टँकर आधीच मागवतो.

तुम्हाला कोणीतरी इमारतीच्या आतला फायरमनही नकाशावर दाखवायला सांगेल. सध्या नादी लागू नका. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवर. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइल 5-एक मीटर इकडेतिकडे दाखवतो, काँक्रीटच्या आत तर मजलाही धड सांगत नाही. 1999 साली अमेरिकेत वूस्टर इथे ओसाड शीतगृहाला आग लागली, दोन जवान धुरात वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले चारही परतले नाहीत. त्यानंतर तिथल्या तंत्रविद्यापीठाने इमारतीच्या आत माणूस शोधण्यावर बरंच संशोधन केलं. मी अजूनही धुरात हातातल्या पाण्याच्या होजपाइपवरच विश्वास ठेवतो.

हे सगळं शहरातल्या आगीचं, हे आधीच सांगायला हवं होतं. वणव्यात उलट आहे: तिथे आकाश मोकळं असतं, आणि आपली माणसं कुठे आहेत हेच आधी कळायला हवं. 2013 मध्ये ॲरिझोनातल्या यार्नेल हिलच्या वणव्यात 19 जवान गेले, तेव्हा ते नेमके कुठे आहेत हे वरच्यांना माहीत नव्हतं. आणि हो, नकाशा टॅबमध्येच साठवलेला हवा. मोठ्या घटनेत नेटवर्कचा भरवसा नसतो.

मंजुरी ठेवायचीच असेल तर ठेवा, पण मंजूर न झालेली नोंदही चालकाला त्याच क्षणी दिसू द्या, केशरी रंगात. डेमोच्या वेळी कोणी साहेब म्हणेलच की कच्च्या माहितीने चालकाचा गोंधळ होईल. होत नाही. केशरी खूण दिसली की तो वेग कमी करतो आणि दुसरं गेट उघडं आहे का ते वायरलेसवर विचारून घेतो, एवढंच.