टॉर्च किती लुमेनची घ्यावी आणि कुठल्या कामाला कुठला मोड लावावा?

तुमचा प्रश्न असा: घरात लाइट गेल्यावर, रात्रीच्या पाळीला शेतात मोटर चालू करायला जाताना आणि वर्षाकाठी एखाद्या ट्रेकला, अशी सगळीकडे चालणारी एकच टॉर्च हवी आहे. घरात वयस्कर आई-वडील आहेत. दुकानदार १००० लुमेनच्या खालचं काही दाखवायलाच तयार नाही. एवढी खरंच लागते का, आणि चार-पाच मोड असतात त्यातला कुठला कधी लावायचा?

लागत नाही. रोजची बहुतेक सगळी कामं १०० लुमेनच्या आत उरकतात. टॉर्च घेताना लोक ती जास्तीत जास्त किती पेटते ते बघतात, मी आधी कमीत कमी किती होते ते बघतो. मोटर आणि वायरिंगची कामं करतो, जुन्नरकडे थोडी शेतीही आहे, त्यामुळे टॉर्च रोजच हातात असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचा अंदाज. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. मेणबत्तीचा उजेड साधारण १२ लुमेन. मोबाइलची टॉर्च ५० च्या आसपास. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ७०० च्या आसपास आणि हल्लीचा ९ वॅटचा एलईडी ८००-९००. लहानपणी घरोघरी दोन सेलची जी बॅटरी असायची, ती तर नव्या सेलवरसुद्धा २० लुमेनच्या आसपासच असेल, आणि तिच्यावर लोकांनी रात्र रात्र दारं धरली आहेत, म्हणजे पिकाला पाणी दिलं आहे. दुसरं म्हणजे, डोळ्याला उजेड आकड्याच्या हिशोबात दिसत नाही. लुमेन चौपट केले तेव्हा कुठे उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून १००० आणि १२०० मधला फरक तुम्हाला कळणारही नाही, त्यासाठी पैसे मोजू नका. मोडसुद्धा एकमेकांपासून तिप्पट-चौपट अंतरावर असतील तरच उपयोगाचे. ६००, ८०० आणि १००० असे तीन मोड देणारी टॉर्च म्हणजे एकाच मोडची टॉर्च.

आता कुठला मोड कधी, हे मुख्यतः अंतरावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की तोच झोत चौपट जागेवर पसरतो, म्हणजे उजेड पाव होतो. हेच उलट बाजूने बघा. १० मीटरवर ज्या झोताने बांध नीट दिसतो, तोच झोत अर्ध्या मीटरवर ४०० पट जोरात पडतो. हातातल्या कामाला मोठा मोड लावल्यावर काही दिसत नाही ते यामुळेच.

मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरचंच घ्या. मेन स्विच पाडून पत्र्याचा डबा उघडला की टॉर्च आणि काम यांच्यात वीतभर अंतर उरतं. तिथे ५०० लुमेन लावले तर पत्र्यावर एक पांढराफटक गोल पडतो आणि आजूबाजूला काळोख. ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणाऱ्या भागाच्या) डायलवरचे ॲम्पिअरचे आकडे वाचता येत नाहीत, कॉन्टॅक्टवर पडलेला काळा डाग दिसत नाही. तेच २०-३० लुमेन बाजूने तिरके धरा, सगळं स्वच्छ दिसतं. तिरकं धरायचं ते सावलीसाठी. समोरून उजेड मारला की सैल झालेला स्क्रू आणि घट्ट बसलेला स्क्रू दोन्ही सारखेच दिसतात. बाजूने धरला की वर आलेल्या स्क्रूची सावली पडते आणि लगेच लक्षात येतं. हेडलॅम्पची अडचण हीच आहे, दोन्ही हात मोकळे राहतात पण उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो आणि सावल्या गायब होतात. बारीक कामाला मी हेडलॅम्प कपाळावरून काढून बाजूला ठेवतो.

लाल-पिवळ्या-निळ्या फेजच्या वायर जुन्या झाल्या की आधीच रंग उडालेला असतो. त्यावर स्वस्तातल्या टॉर्चचा निळसर पांढरा उजेड टाकला की लाल वायर तपकिरी दिसते आणि पिवळी पांढुरकी. याचा लुमेनशी संबंध नाही. उजेडात रंग किती खरे दिसतात याचा सीआरआय नावाचा आकडा असतो, साध्या टॉर्चमध्ये तो ७० च्या आसपास, चांगल्यांत ९० च्या वर. उजेड पिवळसर की निळसर हे केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका निळसर. त्यात ४०००-५००० चा उजेड मला सगळ्यात सोयीचा वाटतो, ६५०० चा दुकानात भारी दिसतो पण मातीवर आणि पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावर, सगळं एकसारखं राखाडी करून टाकतो. उसाच्या पाचटात बसलेली घोणस आधीच पाचटाच्या रंगाची. १५०० लुमेनचा निळसर झोत आणि २०० लुमेनचा खऱ्या रंगाचा झोत यांत निवडायचं झालं तर मी डोळे झाकून दुसरा घेईन.

घरातल्या रात्रीचा हिशोब अगदी वेगळा. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा भगभगीत उजेड डोळ्यात गेला की ते सगळं क्षणात जातं. वय झालं की त्या झगमगाटातून सावरायला आणखी वेळ लागतो, म्हणून तुमच्या आई-वडिलांच्या हातात रात्री ५०० लुमेन देणं म्हणजे बाथरूमपर्यंत जाताना त्यांना आंधळं करणं. मध्यरात्री उठायला १ ते ५ लुमेन भरपूर. काही टॉर्चना यासाठी ‘मूनलाइट’ नावाचा वेगळा मोड असतो. दुकानात दिवसाउजेडी तो लागलाय की नाही हेसुद्धा कळत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं टॉर्च बिघडली. मला विचाराल तर घरासाठी सगळ्यात जास्त कामाचा मोड तोच. फक्त तो लावायला आधी मोठे मोड ओलांडून जावं लागत नाही ना, हे बघा. बंद असताना बटण दाबून धरलं की थेट मूनलाइट, अशी रचना उत्तम.

गावाकडे घर असेल तर एक अपवाद. मण्यार रात्रीच फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तरी बरेचदा दुखतसुद्धा नाही. म्हणून अंथरूण टाकण्यापूर्वी कोपरे, कॉटखाली, चपलांचा ढीग हे ५०-१०० लुमेनने झाडून बघावं, झोपताना मूनलाइट.

लाइट गेल्यावर खोलीभर उजेड हवा असेल तर टॉर्च टेबलावर उभी करून झोत छताकडे सोडा. छत पांढरं असेल तर १५० लुमेनमध्ये चारजण आरामात जेवतात आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही. लाकडी किंवा कौलारू छत उजेड गिळतं, तिथे भिंतीवर मारा.

आता शेत. पायाखालचं बघत बांधावरून चालायला ५० ते १०० लुमेन पुरतात, पण झोत कसा आहे यावर बरंच अवलंबून. लांब मारणाऱ्या टॉर्चचा मधला ठिपका कडक असतो आणि बाजूचा पसारा कमी, त्यामुळे पायाजवळ काय आहे ते दिसत नाही. चालताना टॉर्च कमरेच्या उंचीवर धरायची, डोळ्याजवळ नाही. खड्डा, दगड, ठिबकची नळी यांच्या सावल्या लांब पडतात आणि आधी कळतं. सऱ्यांत पाणी साचलेलं असताना मोठा मोड लावला तर पाण्यावरून उजेड परत डोळ्यात येतो आणि वरंबा कुठे फुटलाय तेच दिसत नाही. पाणी भरताना मी ३०-५० च्या पुढे क्वचितच जातो.

मोठा मोड लागतो तो दूरचं बघायला. पलीकडच्या विहिरीवरची मोटर पाणी फेकते आहे का, कुत्री कशावर भुंकताहेत. आमच्याकडे उसात बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे उसाच्या कडेने जाताना अधूनमधून ५०० लुमेन चार सेकंद मारून डोळे चमकतात का ते बघतो, मोठ्याने बोलत राहतो आणि पुन्हा खालच्या मोडवर येतो. सतत मोठ्यावर ठेवलं तर झोतात आहे तेवढंच दिसतं आणि बाजूला काय उभं आहे त्याचा पत्ता लागत नाही.

मात्र लांबचं दिसणं लुमेनवर ठरत नाही, कॅन्डेलावर ठरतं. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे झोताच्या मध्यावर तो किती एकवटलाय ते. खोक्यावर ‘बीम डिस्टन्स २०० मीटर’ लिहिलेलं असतं ते यावरूनच काढतात. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं, म्हणजे १०,००० कॅन्डेला असतील तर २०० मीटर. पण त्या २०० मीटरवर उजेड उरतो पाव लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्यात काहीतरी हललं एवढं कळेल, गाय की माणूस ते कळणार नाही. ओळखू येण्यासाठी त्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरा.

ट्रेकचं थोडक्यात. वाटेवर ५०-१००, वाट चुकल्यासारखी वाटली किंवा कड्याजवळ असाल तर थोडा वेळ ३००. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धुक्यात मात्र जितका मोठा मोड तितकी समोर पांढरी भिंत, कारण धुक्याचे थेंब तो उजेड तुमच्याचकडे परत फेकतात. मोड खाली आणा, टॉर्च कमरेखाली धरा. मे अखेरीस-जूनमध्ये भंडारदरा किंवा राजमाचीला काजवे बघायला गेलात तर टॉर्च शक्यतो बंदच. नर-मादी चमकूनच एकमेकांना खुणावतात आणि आपल्या उजेडात त्या खुणा बुडतात. पाय टाकण्यापुरता सगळ्यात खालचा मोड, लाल जिलेटीन लावून.

आता दुकानदाराच्या १००० लुमेनचं. आकडा खरा असला तरी तो पहिल्या काही मिनिटांचा असतो. मुठीत मावणारी टॉर्च एवढ्या उजेडाला झपाट्याने तापते आणि आतलं सर्किट स्वतःच तिला ३००-४०० वर आणतं. खोक्यावर ‘१००० लुमेन, ३ तास’ असेल तर त्याचा अर्थ तीन तास १००० असा घ्यायचा नाही. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजायचा असा त्या मापनाचा नियमच आहे. खरा हिशोब सेलवरून करा. १८६५० नंबरचा (हा चार्ज होणाऱ्या सेलचा आकार) ३००० एमएएच क्षमतेचा सेल म्हणजे साधारण ११ वॅट-अवर. बऱ्यापैकी एलईडी एका वॅटला १०० लुमेन देतो. म्हणजे १०० लुमेनवर ११ तास, ३० वर दोन-तीन रात्री. १००० वर कागदोपत्री तासभर, तोही टॉर्च तापली नाही तर. त्याच आकाराच्या सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊ नका. या आकारात ३५०० च्या फार पुढे कुणी जात नाही. ‘१,००,००० लुमेन’वाल्या मुठीएवढ्या टॉर्चबद्दल तर बोलायलाच नको.

तेव्हा तुमच्यासाठी: १८६५० सेलची, खालचा मोड ५ लुमेनच्या आत, मग ३०-४०, १५० आणि वर ५००-६०० असलेली, पसरट झोताची टॉर्च घ्या. पावसात वापरायची तर आयपीएक्स ७ किंवा ८, म्हणजे आत पाणी न शिरणारी. स्ट्रोब, म्हणजे लुकलुकणारा मोड, मुख्य मोडच्या रांगेत असेल तर ती टॉर्च परत द्या. अंधारात मोड बदलताना नेमका तोच लागतो. उजेड फडफडतो का ते दुकानातच फिरत्या पंख्यावर मारून बघा, पाती तुटक-तुटक किंवा थांबल्यासारखी दिसली तर बारीक कामाला ती डोळे दुखवेल. पिशवीत टाकताना मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवा, नाहीतर बटण दाबलं जाऊन मोठा मोड लागला तर कापड जळू शकतं.

आई-वडिलांच्या उशाशी मात्र हीच टॉर्च ठेवू नका. त्यांना पेन्सिल सेलची, एकाच बटणाची, अगदी कमी उजेडापासून सुरू होणारी साधी टॉर्च वेगळी घ्या. सेल किराणा दुकानातही मिळतात, चार्जिंगची भानगड नाही. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी झाकण उघडून सेलच्या टोकाला पांढरी बुरशीसारखी पूड आली नाही ना ते बघत जा. आली असेल तर सेल लगेच फेका आणि आतली स्प्रिंग व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून वाळवा.