जांघेतून झडप बसवताना ‘प्रसरणशील शीथ’ कशासाठी वापरतात?
धंतोलीतील डॉक्टरांनी वडिलांच्या महाधमनीची झडप जांघेतून बदलताना ही शीथ सुचवली, तिचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. शीथ म्हणजे धमनीत शिरण्याची पोकळ वाट. तिचे माप ‘फ्रेंच’ या एककात असते आणि 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. सुरुवातीच्या 22 ते 24 फ्रेंचच्या जाड नळ्यांनी उतारवयातील, कॅल्शियम साचलेली धमनी फाटण्याची भीती असे. प्रसरणशील शीथची भिंत मात्र लुगड्याच्या निऱ्यांसारखी दुमडलेली असते. 14 फ्रेंचची नळी आत सारल्यावर, मिटवलेली झडप जिथून सरकते तेवढाच भाग उलगडतो आणि मागाहून बराचसा आवळतो, त्यामुळे धमनीवरील ताण अल्पकाळच राहतो. (तिच्यात हवा भरतात, हा गैरसमज आहे.) धमनी फार अरुंद वा नागमोडी असल्यास हीही चालत नाही, म्हणून सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) धमनीचा व्यास किती मिलिमीटर आला, हे अवश्य विचारावे.