वय चौदा, उंची नऊची

"मॅडम, उंचीचं इंजेक्शन कधी सुरू करायचं?" थॅलेसेमिया मेजरच्या (रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार, सतत रक्त चढवावं लागतं) मुलांच्या आया हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की आता मी उत्तर द्यायच्या आधी पोराकडे बघते.

सोहम म्हणू याला (नाव बदललंय). वय १४, उंची १३१ सेंटिमीटर, दर तीन आठवड्यांनी रक्त. पहिल्या भेटींत सगळं आईच बोलली, त्याला भूक नाही, त्याला वर्गात टिल्लू म्हणतात, लोह उतरवायची गोळी मी स्वतः पाण्यात विरघळवून पाजते. तरी फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा आकडा) ४००० च्या वर, म्हणजे फारच जास्त. काहीतरी जुळत नव्हतं.

"ताई, तुम्ही जरा चहा घेऊन या." ती गेली. पोरगं गप्प, मीपण गप्प (हे गप्प बसणं जमायला मला बरीच वर्षं लागली). मग म्हणाला, "तोंडात धरतो आणि बेसिनमध्ये थुंकतो."

"चव नाही आवडत?"

"चव घाणच आहे. पण ती ग्लास तोंडाला लावते. मी काय केजीत आहे?"

तिथे मला लख्ख दिसलं. उंची नऊ वर्षांच्या पोराएवढी, म्हणून घरच्यांनी त्याचं वयपण नऊवरच धरून ठेवलेलं. मी एकट्या मुलाला कधी बघतच नाही, अख्खं घर बघते, आणि ते बरं करते असं अशा वेळी वाटतं.

आता इंजेक्शनचं. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, मग ते लिव्हर, हृदय आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत साठतं. उंचीच्या इंजेक्शनात असतं ते ग्रोथ हार्मोन तिथूनच येतं. म्हणजे गोळी बेसिनमध्ये जात असेल तर त्या ग्रंथीचं नुकसान चालूच, वरून इंजेक्शन देऊन ते थांबत नाही. शिवाय उंची थांबायला थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, झिंक, लांबलेलं वयात येणं अशी कारणं असतात, ती आधी तपासायची. खरंच हार्मोन कमी निघालं तर एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) इंजेक्शन देतात, पण या मुलांमध्ये गुण कमीजास्त येतो आणि शुगरवर लक्ष ठेवावं लागतं. मुलगा १४ चा, मुलगी १३ ची झाली आणि वयात यायची काहीच चिन्हं नाहीत तर थांबू नका, दाखवा.

सोहमला विचारूनच आईला सांगितलं. ती रडली, चिडलीसुद्धा. पण गोळ्यांचा डबा त्याच्या कपाटात गेला, वेळ तो ठरवणार.

पुढच्या वेळी डाव्या हाताचा एक्स-रे घेऊन आला, आईच्या आधी खुर्चीत बसला. "मॅडम, हाडांचं वय अकरा आलंय. म्हणजे वाढायला अजून जागा आहे ना?"

आईने तोंड उघडलं, आणि मिटलं.