आधी आत तर शिरू दे, मेजर मग बदलू!

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक आई आणि तिचा मुलगा माझ्यासमोर बसले होते. कॅलिफोर्नियातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात आणि जिथे मी विद्यार्थ्यांना सल्ला देते तिथे, त्याचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. पुढच्या फॉलला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राला, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) ट्रान्सफर, मेजर म्हणजे मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स (सीएस). मी मराठी बोलतेय म्हटल्यावर आईने मनातलं बोलून टाकलं. "मॅडम, सीएसला म्हणे फार गर्दी. इकॉनॉमिक्समधून अर्ज करू दे का? आधी आत तर शिरू दे, मेजर मग बदलू."

हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो, आणि तो निव्वळ काळजीपोटी येतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलून मिळू शकते, ते पालकांच्या डोक्यात असतं. पण इथला ट्रान्सफरचा विद्यार्थी थेट तिसऱ्या वर्षाला बसतो, डिप्लोमावाला थेट दुसऱ्या वर्षाला जातो तसा. पायाचे विषय त्याने करूनच यायचं असतं. आत गेल्यावर सीएसमध्ये बदली मिळवणं यूसीच्या अनेक कॅम्पसवर फार कठीण, काही ठिकाणी जवळपास अशक्य.

मी असिस्टची साइट उघडली. आपल्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसला कशाच्या जागी धरतात, ते तिथे अधिकृतपणे दिलेलं असतं. मुलाला कोऱ्या कागदावर तक्ता आखायला लावला. झालेल्या कोर्सवर बरोबरची खूण, व्हायच्या कोर्सवर गोल. कॅल्क्युलस दोन, प्रोग्रामिंग दोन, खुणा भराभर पडल्या. मग यूसीएलए, म्हणजे यूसीचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस, आला. तिथे सीएस इंजिनिअरिंग स्कूलमध्ये येतं आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स लागतं. त्याने फिजिक्सला हातच लावला नव्हता. "अवघड वाटलं म्हणून मागे ठेवलं," तो हळूच म्हणाला. अवघड विषय मागे ठेवणारी मुलं इथेच अडकतात, कारण मेकॅनिक्स हा फिजिक्सचा पहिला कोर्स झाल्याशिवाय पुढचा कोर्स घेता येत नाही. त्याच्या हातात दोनच सेमिस्टर होती.

"मग इकॉनॉमिक्सच बरं ना?" आईने विचारलं. तोही रकाना भरायला घेतला. मायक्रोइकॉनॉमिक्स कोरं, मॅक्रोही कोरं. सोप्या म्हटलेल्या मेजरलाही स्वतःचे प्रीरेक्विझिट, म्हणजे आधी करायचे कोर्स, असतात, हे माझ्या बोलण्यापेक्षा त्या कागदाने त्यांना पटवलं.

आणखी एक गोष्ट. यूसीच्या अर्जात ट्रान्सफरवाल्यांना एक प्रश्न सक्तीचा असतो: या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत? उत्तर ३५० शब्दांत. "इकॉनॉमिक्सबद्दल काय लिहिशील?" मी विचारलं. तो गप्प. "आणि गणिताबद्दल?" मग तो दहा मिनिटं बोलत होता. ट्युटरिंग सेंटरमध्ये तो कॅल्क्युलस शिकवायचा, एकच लिमिट तीन तऱ्हेने कशी समजावून दिली, ते हातवारे करून सांगत होता. आई त्याच्याकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

त्याची स्वतःची भीती वेगळीच होती. नोव्हेंबरअखेर अर्ज जाईल तेव्हा निम्मे कोर्स व्हायचे असतील, मग अर्ज बाद होईल का? नाही. चालू असलेले आणि स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीनंतरच्या सत्राला, ठरवलेले कोर्स अर्जात लिहायचे असतात आणि फॉलच्या ग्रेड जानेवारीत कळवायच्या असतात. मात्र लिहिलेलं स्प्रिंगपर्यंत खरोखर पूर्ण करावं लागतं. उन्हाळ्यात उरकू, यावर विसंबू नये.

अर्ज एकच असला तरी प्रत्येक कॅम्पसला मेजर वेगळं देता येतं, हे दोघांनाही नवीन होतं. मग बेत ठरला: जिथे त्याची कोर्सची साखळी पुरी होते तिथे सीएस, बाकी ठिकाणी गणित. टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, सहा कॅम्पस देतात, पण बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो त्यात नाहीत, आणि सीएस अनेक ठिकाणी वगळलेलं असतं. म्हणून सप्टेंबरात एका कॅम्पसला गणितासाठी टॅग भरायचं. कुठेच जमलं नाही तर तिसरं वर्ष कॉलेजात, दर युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर फी. यावर आईचा चेहरा उतरला. "लोक काय म्हणतील" हे तिने बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू आलं. घाईने चुकीच्या मेजरमध्ये अडकण्यापेक्षा ते एक वर्ष स्वस्त पडतं, असं मला मनापासून वाटतं, आणि मी तसं सांगितलं.

कोर्स अ‍ॅड करायची मुदत अजून होती. त्याने त्याच दुपारी मेकॅनिक्स घेतलं.

जानेवारीत ग्रेड भरायला आला तेव्हा तोच कागद खिशातून काढला, घड्या पडून मऊ झालेला. मेकॅनिक्सच्या गोलात आता खूण होती. लिनिअर अल्जिब्राचा वर्ग मात्र नोकरीच्या पाळीवर येत होता, त्याचं काय करायचं ते बघायला आम्ही वेळापत्रक उघडून बसलो.