पाच मित्र, दोन दिवस, सेवाग्राम-आनंदवन: दौरा कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एकाच गावचे पाच मित्र, दोघं शेतीत, तिघं नोकरीपायी बाहेर. भेटलं की नुसती कुरकुर, कापसाचा भाव नाही, गाडीचा हप्ता थकला, साहेब त्रास देतो. एकानं काढलं की आनंदवनात, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या वस्तीत, जाऊन येऊ, लोक कशात दिवस काढतात ते पाहू, म्हणजे आपलं किती बरं चाललंय ते कळेल. दोन दिवस आहेत, एक गाडी आहे.

जरूर जा. फक्त ‘बरं झालं, हे आपल्या वाट्याला आलं नाही’ एवढंच मनात घेऊन परतणार असाल, तर ते वणीचा फाटा येईपर्यंतही टिकत नाही. पुढचा हप्ता आला की कुरकुर पुन्हा सुरू. शिवाय ज्याच्याकडे बघून आपण सुस्कारा सोडतो त्याला ते बरोबर कळतं. टिकते ती वेगळी गोष्ट: आपल्याला काय मिळालं आणि कोणामुळे मिळालं, हे नावानिशी आठवणं. दौरा तसा आखायचा.

आधी दिवस ठरवा. पावसाळा टाळा, वर्धा नदीला पूर आला की वरोरा-वणी रस्ता पाटाळ्याच्या पुलाशी बंद पडतो. मे महिन्यात चंद्रपूरकडचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. सोयाबीन निघून गेलेलं, कापसाची मुख्य वेचणी उरकलेली, तूर घरात आलेली असा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ शेतीवाल्या दोघांनाही जमतो. नाहीतर ते अर्धा वेळ फोनवर मजुरांशीच बोलत राहतील. आनंदवनात सुटीचा दिवस नको. तिथले विणकामाचे माग चालू असतील असा दिवस कार्यालयात फोन करून आधी विचारून घ्या, पाच जण येतोय, दुपारचं जेवण तिथंच घ्यायचं आहे, हेही तेव्हाच सांगा. मोठ्या स्वयंपाकघरात ऐनवेळची पाच ताटं म्हणजे त्यांनाही ओढाताण.

वाट अशी. यवतमाळ ते वर्धा कळंब-देवळीमार्गे साधारण ७० किलोमीटर. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटमार्गे वरोरा, अंदाजे ९० किलोमीटर, आनंदवन गावाला लागूनच आहे. परत वणी, मारेगाव, करंजी करत यवतमाळ. सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर २३-२४ लिटर पेट्रोल, म्हणजे अडीच हजाराच्या घरात, माणशी पाचशे. गाडी ज्याची आहे त्याला झिजेचे म्हणून किलोमीटरमागे दोन रुपये वेगळे द्या, आणि ते निघण्याआधी बोलून घ्या. मैत्रीत खर्चावरून जे फाटतं ते बहुतेक वेळा पेट्रोलवरून नाही, ‘गाडी तर त्याचीच होती’ या वाक्यावरून फाटतं. प्रत्येकाने दोन-दोन हजार एकाच्या हातात द्यायचे, त्यानेच सगळीकडे पैसे चुकवायचे, उरले ते परत. दर चहाला मोबाइल काढून हिशेब करत बसलात तर गप्पा मोडतात. आणि मोटारसायकली नकोत. तीन गाड्यांवर पाच जण निघाले की प्रवासभर कोणी कोणाशी बोलतच नाही.

पहिला दिवस सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटी सगळे बघतात. तुम्ही परचुरे कुटीपाशी जास्त थांबा. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, गांधीजी होते तेव्हाच येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, झाल्यावर ते आश्रमात आले, आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करायचे, अंगाला मालीश करायचे. ज्या काळी रोग्याला गावाबाहेर काढत, त्या काळातली ही गोष्ट. वर्ध्याजवळच दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं होतं. म्हणजे आनंदवनाच्या आधीपासून हे काम याच मातीत चालू होतं, आणि तिथं जाण्याआधी एवढं ठाऊक असलेलं बरं. संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा, मुक्कामाला समोरच यात्री निवास आहे. जागेचं आधी विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघा, म्हणजे चहा-नाश्ता धरून साडेनऊच्या आत आनंदवनात पोचाल. जाताना पाचातला एक जण हमखास विचारेल, ‘तिथं चहा घ्यायचा का?’ त्याची टर उडवू नका, नीट सांगा. कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो, तो हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टराने १८७३ मध्ये शोधला. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासात श्वासावाटे पसरू शकतो, पण बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद मुळातच असते. औषध सुरू झालं की रोगी लवकरच इतरांना संसर्ग देईनासा होतो. औषधं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, कोर्स सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा. झडलेली बोटं दिसतात ती जुन्या रोगाची खूण असते, रोग तिथं आता असतो असं नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथं सुन्नपणा, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. गावात कोणाला असं दिसलं तर आरोग्य केंद्रात न्या, वेळेत गेला तर हातपाय शाबूत राहतात.

बोटं का झडतात, हे कळलं की तिथलं बघणंच बदलतं. जंतू नसांवर जातो. हाताला चटका लागला, पायात काटा गेला, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम चिघळते, हाड झिजतं. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, तळव्याला मऊ रबराची चप्पल घालायची आणि रोज रात्री डोळ्यांनी तपासायचं की कुठं लागलं तर नाही. आपला पाय ठेचाळला की आपण कळवळतो. त्या दुखण्यानेच आपला पाय वाचवलेला असतो, हे तिथं उभं राहिल्यावर लक्षात येतं. विणकामाच्या विभागात गेलात तर मागावरच्या माणसाचे हात बघा, पण चेहरा टाळून नको. धागा तुटतो, आखूड बोटांच्या पेरांत दोन टोकं धरून गाठ मारली जाते, माग पुन्हा सुरू होतो. तुमच्या हातून तीच गाठ त्या वेळात बसेल का, ते त्यालाच विचारून पाहा. तो हसेल, आणि मग गप्पा सुरू होतील.

बाबा आणि साधनाताई आमटे इथं आले तेव्हा सोबत सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये होते. जमीन खडकाळ, झुडपांची. पहिलं काम होतं विहीर खणणं. संस्था १९४९ ची, आनंदवनाचं उद्घाटन विनोबांच्या हातून १९५१ मध्ये झालं. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक इथला भाजीपाला, दूध घ्यायला कचरत. आज अंध मुलांची शाळा आहे, अपंगांना धंदा शिकवणारं संधिनिकेतन आहे, गावच्या पोरांनी शिकावं असं महाविद्यालयही आहे. भीक नको, काम हवं, यावर बाबा ठाम होते. म्हणून तिथं जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन जाऊ नका. विकत घ्या: सतरंजी, टॉवेल, चादर, भेटकार्डं, जे तिथं बनतं ते. रोख देणगी द्यायची तर कार्यालयात देऊन पावती घ्या, वाटेत कोणाच्या हातावर ठेवू नका.

वागण्यातल्या चुका ठरलेल्या असतात. फोन गाडीत ठेवा, एकाकडेच राहू द्या. कोणाचा फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि सेल्फी तर विचारूनही नाही. ‘तुम्हाला कधी झालं?’, ‘घरचे येतात का?’ हे प्रश्न आपण विचारायचे नाहीत. ते स्वतः बोलले तर ऐकायचं. कामाबद्दल विचारा: रोज किती कापड निघतं, सूत कुठून येतं, पाणी कुठलं. काका, मावशी म्हणून नमस्कार करा, त्यांनी हात पुढे केला तर तुम्हीही करा. माणूस बसलेला असेल तर तुम्हीही खाली बसा, पाच जण डोक्यावर उभे राहून बोललेलं कोणालाच आवडत नाही. जेवल्यावर आपलं ताट आपण धुवा. बाबा आणि साधनाताईंच्या समाधीपाशी शेवटी जा. त्यांना दहन केलेलं नाही, तिथंच मातीत ठेवलंय. दुपारी तीनला निघा, अंधाराआधी वणी ओलांडता येते.

परतीच्या रस्त्यावर एक काम करा, आणि गाडी चालती असतानाच करा. समोरासमोर बसून गावाकडची माणसं असलं बोलत नाहीत, सगळ्यांची नजर रस्त्यावर असली की बोलतात. प्रत्येकाने एकाच माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याने आपल्यासाठी नेमकं काय केलं ते सांगायचं. ‘आईवडिलांचे उपकार’ असं गुळमुळीत चालणार नाही. बारावीचा फॉर्म भरायला कोणी पैसे दिले, पेरणीला कोणी स्वतःचं काम थांबवून तुमचं शेत आधी उरकलं, असं पाहिजे. कोणी थट्टेवर नेलं तर नेऊ द्या, ओढून आणू नका. पंधरा मिनिटांनी तोच बोलतो. आणि त्या माणसाला आठवड्याच्या आत भेटायचं किंवा फोन करायचा. २००३ मध्ये एमन्स आणि मॅक्कलो या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवलं होतं की आठवड्यातून एकदा अशा चांगल्या गोष्टी लिहून काढणारे लोक, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी राहतात. रोजच्या रोज लिहायचा नेम करू नका, दहा दिवसांत यांत्रिक होतो.

आणि हो, दुःख बघायला वरोऱ्यापर्यंत जायची गरज आपल्या जिल्ह्यात कोणाला आहे? पण शेजारच्या ज्या घरात कर्ता गेला, तिथं ‘बघायला’ जाऊ नका. काम घेऊन जा. निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये अडकला असेल, हयातीचा दाखला द्यायचा राहिला असेल, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागत असेल. नोकरीवाल्या तिघांपैकी एकाने अर्धा दिवस सेतू केंद्रात सोबत उभं राहणं, हे पंचवीस सांत्वनांपेक्षा उपयोगाचं. त्या घरातल्या बाईकडून आभाराची अपेक्षा मात्र ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेतात रोडगे करा. बाहेर राहणारे तिघं याच्यासाठी सुटी वाढवतील. पाच जणांना दीड किलो जाडसर दळलेली कणीक, त्यात ओवा, मीठ आणि वाटीभर तेलाचं मोहन. घट्ट मळा, पोळी लाटून तेल लावून घडी घाला, मग गोळा वळा. पंधराएक होतात. तीस-चाळीस गोवऱ्या पेटवा, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्यांनी लवकर धरतात. ज्वाळ पूर्ण बसून निखारा झाल्यावरच रोडगे ठेवा. इथंच सगळे घाई करतात, आणि मग वरून कोळसा, आतून कच्चं पीठ. उलटत राहा, पाऊण ते एक तास लागतो. वरून तडे गेले आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झाले. राख झाडून, फोडून तूप सोडा, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. शेजारी वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या असतील तर आग बांधापासून लांब लावा आणि पाण्याची बादली भरून ठेवा. फेब्रुवारीत वारा सुटला की ठिणगी कुठवर जाईल सांगता येत नाही.

फोटो थोडेच निघतील, त्यातला एक निवडून पाच प्रती छापून घ्या. व्हॉट्सॲपवरचे दीडशे फोटो पुढच्या फोनसोबत जातात.

जाता जाता, हेमलकसा, म्हणजे बाबांच्या मुलाचं भामरागडजवळचं काम, याच दौऱ्यात कोंबायचा मोह होईल. करू नका. चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली करत भामरागडकडे जायला वरोऱ्याहून अख्खा दिवस जातो, आलापल्लीपुढचा रस्ता जंगलातून आहे आणि तो रात्री चालवायचा नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्कच तुटतो. १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तिथं माडिया-गोंड लोकांसाठी दवाखाना उभा केला. तो चालता दवाखाना आहे, वॉर्डात डोकावायचं नाही, मुक्कामाची आधी विचारणा केल्याशिवाय जायचं नाही. त्याला चार दिवस वेगळे काढा, पुढच्या दिवाळीनंतर.